उत्कट, हळुवार आणि विस्मरणीय

मराठी नाटकांच्या जाहिराती, पुस्तकांची मलपृष्ठं आणि वाहिन्यांकडे जाणाऱ्या कन्सेप्ट नोटा एका बैठकीत ओळीने वाचल्या, तर महाराष्ट्रात आजवर एकच गोष्ट घडलेली आहे आणि ती सगळ्यांनी आळीपाळीने लिहिली आहे, अशी खात्री पटते. या गोष्टीत नात्यांची हळुवार वीण असते. तिची नाळ मातीशी जोडलेली असते. ती एका स्त्रीच्या संघर्षाची कहाणी असते, आणि तो संघर्ष नेमका कोणाशी हे विचारणं असभ्यपणाचं समजलं जातं. ती वाचकाला अंतर्मुख करते, प्रेक्षकाला खिळवून ठेवते, मनाचा ठाव घेते आणि जाताजाता समाजाला आरसाही दाखवते. विनोदी असेल तर हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणते. गंभीर असेल तर डोळ्यांत पाणी आणता आणता हसवते. ऐवज तोच, क्रम तेवढा उलटा. आणि शेवटी ती ‘तुमच्या-आमच्या घरातली गोष्ट’ असते, म्हणजे ती बघायला तिकीट काढून बाहेर का जायचं, या प्रश्नाची सोयही जाहिरातीतच करून ठेवलेली असते. एवढी सगळी कामं करणाऱ्या या गोष्टीत होतं तरी काय, हे मात्र त्या ओळींत कुठेही नसतं.

सिनेमा-मालिकांच्या धंद्यात या ओळीला वनलाइन म्हणतात. लेखकाने नॅरेशनला वेळ मागितली की पलीकडून प्रश्न येतो, ‘वनलाइन काय आहे?’ आणि लेखकाच्या कपाळावर आठी पडते. चार वर्षं जिच्यासाठी घातली ती गोष्ट एका ओळीत सांगायची? मग उरलेली दीडशे पानं कशाला लिहिली? ही तक्रार ऐकायला इतकी रास्त वाटते की तिच्यावर परिसंवाद होतात, त्यांत अध्यक्षीय समारोप होतो आणि बाजाराने साहित्याचा कसा गळा घोटला यावर एकमत होऊन चहा येतो. पण तक्रार चुकीच्या पत्त्यावर गेलेली आहे. गळा ओळीच्या आखूडपणाने घोटलेला नाही. मराठी वनलाइनमध्ये शब्द कमी पडत नाहीत, ते वायफळ खर्च होतात. पंचवीस शब्दांची परवानगी असते, त्यातले अठरा विशेषणांवर जातात, पाच ‘कहाणी’, ‘गाथा’, ‘प्रवास’, ‘वेध’ आणि ‘शोध’ यांवर, आणि उरलेल्या दोनांत लेखकाचं नाव येतं.

ही ओळ असते कशासाठी, ते आधी पाहू. सर्वसाधारण समजूत अशी की ती समोर बसलेल्या माणसाला पटवण्यासाठी असते. समोरच्या माणसाला पटून काही होत नाही. लेखकाची ओळ ऐकतो तो वाहिनीचा क्रिएटिव्ह. तो ती आपल्या वरिष्ठाला सांगतो. वरिष्ठ ती मार्केटिंगच्या बैठकीत सांगतो. तिथून ती प्रायोजकाच्या कानावर जाते, तोवर प्रायोजकाचं अर्धं लक्ष मोबाइलमध्ये असतं. आणि सगळं जमून आलंच तर एके दिवशी एक प्रेक्षक घरी आपल्या बायकोला सांगतो, ‘अगं, एक नवीन आलंय, त्यात काय आहे माहितेय का...’ या साखळीत पहिली कडी सोडली तर लेखक कुठेही हजर नसतो. म्हणून वनलाइन ही दुसऱ्याच्या तोंडी जाण्यासाठी लिहिलेली ओळ आहे, आणि तिची परीक्षा एकच: अर्धवट ऐकणाऱ्या माणसाला ती दोन दिवसांनी, फारशी मोडतोड न करता, तिसऱ्याला सांगता येते का? नात्यांच्या हळुवार विणीला या परीक्षेला बसवून पाहा. क्रिएटिव्ह साहेबांना सांगतो, ‘सर, काहीतरी नात्यांवर आहे.’ साहेब म्हणतात, ‘नात्यांवर आपल्याकडे ऑलरेडी चार आहेत.’ संपलं. यात साहेबांचा अरसिकपणा शोधू नये. त्यांच्यापर्यंत जे पोहोचलं त्यावर त्यांनी दिलेला निर्णय अगदी बरोबर आहे.

हे थोडक्यात सांगण्याचं खूळ अमेरिकेतून आलं, आपली परंपरा ऐसपैस, असाही एक आक्षेप असतो. परंपरेला विचारलं तर ती वेगळीच साक्ष देते. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ते बाबा पदमनजींचं पुस्तक 1857 साली निघालं. त्याचं पूर्ण नाव ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. कोण, काय करते आणि त्यातून काय दिसतं, एवढं सगळं मुखपृष्ठावरच उरकलेलं. पुढे गोविंद बल्लाळ देवलांनी 1893 मध्ये फ्रेंच प्रहसनाचं इंग्रजीमार्गे आलेलं कथानक मराठीत आणलं, तेव्हा नाव ठेवलं ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. याच नाटकाला पदं जोडून 1916 मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं. नवं नाव जास्त गोड आहे यात वाद नाही, आणि गाजलंही तेच. पण वनलाइन म्हणून जुनं नावच सरस होतं, कारण त्यात एक माणूस आहे, एक वस्तू आहे आणि त्या वस्तूने घातलेला गोंधळ आहे. तसबीर भलत्याच्या हाती पडली की नवरा-बायकोचं काय होणार, हे पानवाल्यालाही कळतं आणि पुढे सांगता येतं. त्या काळातल्या लोकांना आपल्या गोष्टीत काय आहे ते सांगायची लाज वाटत नसे. आज तेच नाटक नव्याने आलं असतं तर जाहिरातीत तसबीर सापडली नसती. ‘विश्वासाच्या नाजूक धाग्यांचा शोध घेणारा एक तरल नाट्यानुभव’ असं वाचून लोक पुन्हा क्रिकेटकडे वळले असते.

दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण तर वनलाइनच्या शाळेत भिंतीवर लावावं असं. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. पुढे तो सुरतेला गेला तेव्हा पहिल्या दिवसाचा गल्ला होता 3 रुपये. तिथल्या प्रेक्षकाला थोड्या पैशांत तासन्‌तास चालणाऱ्या नाटकांची सवय. दीड तासात आटोपणाऱ्या या नव्या प्रकारासाठी तीन आणे कोण देणार? अशा वेळी आजचा मराठी निर्माता काय करतो, तर जाहिरातीत ‘सत्यासाठी सर्वस्वाचा त्याग करणाऱ्या राजाची हृदयस्पर्शी गाथा’ असं छापतो, आणि दुसऱ्या दिवशी गल्ला दोन रुपयांवर आणतो. फाळक्यांनी जाहिरात केली ती अशी की 57,000 छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, दर फक्त तीन आणे. गल्ला 300 रुपयांवर गेल्याची नोंद आहे. या जाहिरातीत हरिश्चंद्राची गोष्ट नाही, कारण ती सगळ्यांना पाठ होती. ज्या माणसाला पटवायचं तो करमणूक लांबीवर मोजतो हे ओळखून फाळक्यांनी त्याला लांबी दिली, मैलांत. आणि तो माणूस घरी जाऊन काय सांगणार होता? दोन मैल! हे दोन शब्द अर्धवट ऐकणाऱ्यालाही विसरता येत नाहीत. फाळक्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतात ते ठीकच आहे, पण त्यांच्या या दुसऱ्या हुनराचा एकही वारस मराठीत निपजू नये, हे आमच्या मते जास्त गंभीर आहे.

थोडक्यात सांगितली की चांगली गोष्टही पोरकट वाटू लागते, असंही म्हटलं जातं. आपल्याच चित्रपट-नाटकांवर ते पारखून घेऊ. ‘श्वास’ 2004 साली आला. त्याची वनलाइन आजच्या पद्धतीने लिहिली तर ‘आजोबा-नातवाच्या नात्याचा भावस्पर्शी प्रवास’ अशी होईल, आणि ती ऐकून कोणीही निर्धास्तपणे दुसरी मालिका लावू शकेल. आता हेच असं सांगा: कोकणातल्या एका नातवाला डोळ्याचा कर्करोग झालाय, शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल पण दृष्टी जाईल, आणि शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा त्याला रुग्णालयातून कोणाला न सांगता बाहेर घेऊन जातात, जग दाखवायला. यात एकही विशेषण नाही आणि घशात आवंढा मात्र येतो. 1972 चा ‘पिंजरा’ घ्या. गावाने ज्या आदर्श मास्तरांचा पुतळा उभारला, त्याच मास्तरांच्या खुनाबद्दल खुद्द मास्तरांनाच शिक्षा होते. कसं काय? हाच तो प्रश्न, ज्याच्यासाठी माणूस तिकीट काढतो. ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) एवढ्यावर उभा आहे की घरमालकीण खोली फक्त जोडप्यांना देते आणि खोली हवी असलेले चौघेही पुरुष आहेत. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1967): खेळाला वेळ आहे म्हणून एक नाटकमंडळी गंमत म्हणून खोटा खटला चालवते, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केलेली सहकलाकार खरोखरच आरोपी होऊन बसते. यातलं कुठलंही पोरकट झालं का? उलट हे ऐकल्यावर पुढचं ऐकायला माणूस जागेवर बसून राहतो. या चारही ओळींत माणूस कुठल्या कात्रीत सापडलाय तेवढं सांगितलंय आणि तो सुटतो कसा ते झाकून ठेवलंय. आमच्या हल्लीच्या वनलाइनचं कौशल्य उलट आहे. ती कात्री झाकते आणि तात्पर्य सांगून टाकते.

असं का होतं? लेखकांना जमत नाही म्हणून, असं आम्ही म्हणणार नाही. हेच लेखक मित्रांना चहाच्या टपरीवर गोष्ट फार झकास सांगतात. ‘अरे, एक माणूस असतो, तो स्वतःच्याच तेराव्याला परत येतो’ अशी सुरुवात करतात आणि चहा थंड होतो. तीच गोष्ट कागदावर उतरली की ‘मृत्यूच्या पार्श्वभूमीवर मानवी मूल्यांचा वेध’ होते. टपरी ते कागद एवढ्या अंतरात मध्ये काहीतरी आडवं येतं, आणि त्याचं नाव भीती. ठोस सांगितलं की ठोस नकार मिळू शकतो. तेराव्याला परत येणारा माणूस एखाद्या साहेबांना चालणार नाही, एखाद्या प्रायोजकाला तो अशुभ वाटेल, एखाद्या परीक्षकाला तो कुठेतरी वाचल्यासारखा वाटेल. मानवी मूल्यांच्या वेधाला कोण नाही म्हणणार? वेध घेऊ नका, असं सांगायला कोणी धजत नाही. म्हणून लेखक सगळ्यांना मान्य होईल अशी ओळ लिहितो, आणि सगळ्यांना मान्य होणारी ओळ कोणालाच हवी नसते, हे त्याच्या लक्षात येईतो मोसम संपलेला असतो. पलीकडच्या बाजूलाही हीच सोय आहे. ‘स्त्रीच्या संघर्षाची कहाणी’ मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने प्रत्यक्षात काहीच मंजूर केलेलं नसतं. उद्या मालिका आपटली तर ‘आम्हाला वेगळा संघर्ष अपेक्षित होता’ असं म्हणायला तो मोकळा. मोघम ओळ हा दोघांनी मिळून काढलेला विमा आहे आणि हप्ता प्रेक्षक भरतो.

या भीतीची दुसरी बाजू चोरीची आहे, आणि तिच्यात तथ्य आहे. ‘ठोस सांगितलं तर उचलतील’ असं लेखक म्हणतो आणि म्हणून धुकं सोडतो. पण धुक्याने राखण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेच सांगून ठेवलंय. आर. जी. आनंद यांनी प्रांतवादावर ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक लिहिलं होतं; चित्रपटवाल्यांनी ते त्यांच्याकडून पूर्ण ऐकलं; पुढे 1956 मध्ये ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला आणि आनंद न्यायालयात गेले. निकाल 1978 साली लागला, म्हणजे बावीस वर्षांनी, आणि तो त्यांच्या विरोधात गेला. कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो. हक्क असतो तो ते ज्या रीतीने मांडलं त्या मांडणीवर, असं न्यायालयाने म्हटलं. प्रांतवादावर कोणीही लिहू शकतो. आता या निकालाच्या उजेडात आपली मोघम वनलाइन ठेवून पाहा. ‘दोन पिढ्यांमधल्या दरीचा वेध’ ही तर कायद्यानेच सार्वजनिक मालमत्ता, एसटी स्टँडवरच्या बाकासारखी; कोणीही यावं, बसावं, नाव कोरावं. लेखकाने चोरीच्या भीतीने गोष्टीतलं जे जे काढून टाकलं, नेमकं तेवढंच त्याचं स्वतःचं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने 2003 साली एका वाहिनीविरुद्धच्या प्रकरणात विश्वासाने सांगितलेल्या संकल्पनेलाही संरक्षण दिलं होतं, पण ते मिळालं ते ती संकल्पना पुरेशी फुलवून, कागदावर नोंदवून दिलेली होती म्हणून. धुक्याची नोंदणी होत नाही. एक ओळ सांगून कोर्टात उभं राहता येत नाही हे खरंच आहे, म्हणून ओळ सांगायच्या आधी मागची पानं लिहून नोंदवलेली असावीत. इथे मात्र आमच्या अनेक लेखकांची पंचाईत होते, कारण त्यांच्याकडे ओळीच्या मागे पानं नसतात. अगोदर ओळ विकायची, मग गोष्ट सुचेल, असा हिशेब असतो. आणि मागे गोष्टच नसेल तर पुढे विशेषणांशिवाय काय ठेवणार?

मोघमपणाचा कंटाळा आलेल्यांनी एक पळवाट काढली आहे, तीही नोंदवायला हवी. ते गोष्ट सांगत नाहीत, दुसऱ्याची सांगतात. ‘कोकणातलं दृश्यम.’ ‘सैराटसारखंच, पण शेवटी दोघं जगतात.’ ‘बनवाबनवी, फक्त चौघी बायका आहेत आणि ओटीटीसाठी शिव्या आहेत.’ हॉलिवूडमध्ये ‘एलियन’ची ओळख ‘अंतराळातला जॉज’ अशी करून दिली गेल्याचं सांगतात, तेव्हापासून जगभरच्या लेखकांचं तेवढंच वाचन झालेलं आहे. रॉबर्ट ऑल्टमनने 1992 च्या ‘द प्लेअर’मध्ये या प्रकाराची यथेच्छ टवाळी केली. पहिल्याच, आठेक मिनिटं न तुटणाऱ्या दृश्यात लेखक एकामागून एक साहेबाला ओळी ऐकवतात, आणि त्यांच्यात बक हेन्री ‘द ग्रॅज्युएट’चा दुसरा भाग विकायला आलेला असतो, मूळ ‘ग्रॅज्युएट’च्या पटकथाकारांपैकी एक तोच. टवाळी झाली तरी प्रथा थांबली नाही, कारण ती साखळीच्या परीक्षेत पास होते: ‘कोकणातलं दृश्यम’ विसरता येत नाही. तिची खोट वेगळी. ऐकणाऱ्याला तुमची गोष्ट आठवण्याऐवजी दृश्यम आठवतो, आणि तो ज्यांनी केला त्यांच्याकडेच गेलेलं बरं, असं त्याला वाटू लागतं.

राहता राहिला सर्वांत वजनदार आक्षेप: ज्या कलाकृतीत कथानकाला महत्त्वच नाही, तिचं काय? 1963 च्या ‘कोसला’ची वनलाइन सांगा पाहू. खानदेशातल्या खेड्यातला पांडुरंग सांगवीकर वडिलांच्या पैशावर पुण्याला शिकायला जातो आणि काहीच न होता घरी परततो. एवढं ऐकून वाहिनीचे साहेब ‘मग?’ असं विचारतील, आणि त्या ‘मग’ला उत्तर नाही. इथे आम्ही माघार घेतो, पण पाऊलभरच. कादंबरी त्या ओळीत नाही, ती भाषेत आहे, हे शंभर टक्के मान्य. पण म्हणून तिच्यावर ‘अस्तित्ववादी तुटलेपणाचा अस्वस्थ आविष्कार’ अशी चिठ्ठी डकवल्याने ती अधिक कळली काय? ‘पुण्याला गेला आणि काहीच न होता परत आला’ यात निदान एक मुलगा आहे, त्याच्या वडिलांचे पैसे आहेत आणि परतीची एसटी आहे. विद्यार्थी हे वाक्य वाचून पुस्तक उघडेल. दुसरं वाचून गाइड उघडेल. आणि गोष्ट आधीच कळली तर रस जातो, ही भीती तर आपल्याकडे कोणी व्यक्तच करू नये. संगीत नाटकाच्या सुरुवातीला सूत्रधार आणि नटी येऊन आज कोणाचं, कसलं नाटक ते सांगून जात. कीर्तनातलं आख्यान श्रोत्यांना पाठ असतं, तरी बुवा ‘आणि इतक्यात...’ म्हणून थांबले की मंडपात सुई पडल्याचा आवाज येतो.

एवढं सगळं कळूनही फरक पडेल असं दिसत नाही, कारण सुधारणेची आपली रीत ठरलेली आहे. ‘प्रभावी वनलाइन लेखन’ अशी दोन दिवसांची कार्यशाळा निघेल, शुल्कात दुपारचं जेवण धरलेलं असेल, आणि तिच्या पत्रकावर ‘कथालेखनाच्या अनवट वाटांचा मागोवा’ असं छापलेलं असेल. त्यापेक्षा दंडाची पद्धत बरी. ‘हळुवार’, ‘वीण’ आणि ‘नाळ’ यांना प्रत्येकी पाचशे रुपये. ‘अंतर्मुख’ला हजार. ‘संघर्ष’ चालेल, पण कोणाशी ते त्याच ओळीत लिहावं लागेल. न लिहिल्यास दोन हजार आणि वर जीएसटी. ‘समाजाला आरसा’ आढळल्यास मजकूर जप्त. जमा होणारा निधी वृद्ध कलावंतांच्या मानधनाकडे वळवला तर पहिल्या तिमाहीतच थकबाकी फिटेल असा आमचा अंदाज आहे. योजनेला लेखकांचा विरोध होणार नाही. दंड निर्माता भरेल असं कळलं की ते उलट पाठिंबा देतील. विरोध येईल तो पुरस्कार समित्यांकडून. त्यांची मानपत्रं याच शब्दांत लिहिली जातात, आणि सन्मानमूर्तीने नेमकं काय लिहिलंय ते वाचून काढण्याइतका वेळ समारंभाच्या आधी कोणाकडेच नसतो. तेव्हा मानपत्रांपुरती सूट द्यावी लागेल. शाल-श्रीफळासकट.